सरांचा तिसरा पैलू

आमच्या शहरात राजकीय विश्लेषक व्हायला तेव्हा फार काही लागत नसे. एक जाकीट, एक चष्मा आणि संध्याकाळी घरी काही काम नसणं, एवढ्यावर भागायचं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. केबलवाल्यांची स्वतःची चॅनलं नुकतीच निघाली होती, आणि सांडूशेठच्या चॅनलला रोज तासभर फुकटात बोलणारी माणसं हवी असायची. ती कधी कमी पडली नाहीत. क्रांती चौकात एका मिठाईच्या दुकानावर आमचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. एकीत कॅमेरा, दुसरीत सांडूशेठ. कॅमेरा मी चालवायचो. तोच कॅमेरा खांद्यावर टाकून मी लग्नाच्या शूटिंगलाही जायचो, त्यामुळे नवरदेव आणि विश्लेषक या दोन्ही जाती मी जवळून पाहिल्या आहेत. नवरदेवाला निदान आपण कशासाठी बसलोय हे ठाऊक असतं.

पण मला सांगायचंय ते चांदपाशाबद्दल. चिकलठाण्यात त्याचं बिछायत केंद्र होतं. मांडव, सतरंज्या, खुर्च्या, मोठाली पातेली असं सगळं लग्नाचं सामान तो भाड्यानं द्यायचा, आणि त्यात सगळ्यात मानाचा होता नवरा-नवरीला स्टेजवर बसायचा सोफा. लाल मखमल, सोनेरी पाय, पाठीवर मोर. फर्निचर विकत घेणं सांडूशेठच्या रक्तातच नव्हतं. म्हणून चर्चेच्या दिवशी हाच सोफा टेम्पोत बसून क्रांती चौकात यायचा, आणि शहराच्या भवितव्यावर आमचे विद्वान त्या मोराला टेकून बोलायचे. लग्नाची तारीख असली की सोफा तिकडे जायचा आणि विद्वान प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. त्या दिवशी चर्चेची पातळीही जरा खाली येते, असं सांडूशेठचं मत होतं.

सोफा परत न्यायचा असल्यानं चांदपाशा चर्चा संपेपर्यंत कोपऱ्यात उभा असायचा. म्हणजे शहरात ती चर्चा शेवटपर्यंत ऐकणारी माणसं दोनच, एक तो आणि एक मी. आम्हा दोघांनाही जायला दुसरी जागा नव्हती.

या विद्वानांत ज्येष्ठ होते प्राध्यापक रामकिसन वाघचौरे. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे, गारखेड्यात राहायचे. माणूस देवमाणूस, पण भाकितांचा हात असा की ज्याला ते निवडून येणार म्हणायचे त्याच्या घरी चूल पेटत नसे. बोलायची त्यांची पद्धत ठरलेली होती. प्रश्न कुठलाही असो, सर चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढत आणि म्हणत, "हे पाहा, याला तीन पैलू आहेत." पहिला पैलू ऐतिहासिक, म्हणजे पोलीस अॅक्शन. चौकातला सिग्नल का बंद आहे, याची मुळंदेखील सरांना अठ्ठेचाळीस सालात सापडायची. निजामापासून निघालेले सर सिग्नलपाशी येईतो अर्धा कार्यक्रम संपलेला असायचा. दुसरा पैलू मराठवाड्याच्या अनुशेषाचा. मग सर एक दीर्घ श्वास घेत, बोट वर करत आणि म्हणत, "आणि तिसरा पैलू सगळ्यात महत्त्वाचा." इथं सांडूशेठ साड्यांच्या दुकानाची जाहिरात लावायचा. जाहिरात संपेपर्यंत वेळ संपलेली असायची. तिसरा पैलू काय होता ते शहराला कधीच कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

चांदपाशा एके काळी याच सरांचा विद्यार्थी. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यानं कॉलेज अर्ध्यात सोडलं आणि दुकानात बसला. सर स्कूटरवरून चिकलठाण्याला गेले त्याला परत आणायला. दुकानात नव्यानं मढवलेला सोफा होता, त्यावर बसून त्यांनी त्याला शिक्षणाचे पैलू सांगितले, आणि उठताना म्हणाले, "पाशा, ही पाठ जरा मागं गेलीय." चांदपाशा कॉलेजात काही परत गेला नाही. पण ती लग्नसराई त्याला इतकी चांगली गेली की तेव्हापासून रिवाजच पडला. दर वर्षी तुळशीची लग्नं तोंडावर आली की सोफ्याला नवी मखमल लागायची, नव्या स्प्रिंगा पडायच्या, आणि त्यावर पहिल्यांदा बसायचा मान सरांचा. सर यायचे, दोनदा वरखाली होऊन बघायचे आणि एक खोट काढायचे. कधी मखमल टोचते, कधी हात उंच झाले. खोट कधीच खरी नसायची. हातही त्यांना निवडणुकीसारखेच कळायचे. चांदपाशा "जी सर, बदलतो" म्हणायचा आणि काडी बदलायचा नाही. पण सरांनी खोट काढल्याशिवाय सोफा दुकानाच्या बाहेर पडायचा नाही.

आता चांदपाशा स्वतः त्या सोफ्यावर कसा बसला ते ऐका. एका संध्याकाळी शहराच्या पाण्यावर चर्चा होती आणि एकही विश्लेषक आला नाही. कुण्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर जेवण होतं, तिथं सगळे लोकशाही वाचवायला गेले होते. सर तेवढे तापानं पडले होते. सांडूशेठला घाम फुटला. सोफा रिकामा आणि सोफ्याशेजारी चांदपाशा.

"बस तू," सांडूशेठ म्हणाला.

"म्या? म्या काय बोलू शेठ?"

"सर काय बोलतेत रोज? तेच बोल."

खुंटीवर कुणाचं तरी विसरलेलं जाकीट होतं. चष्मा सांडूशेठनं स्वतःचा काढून दिला. चांदपाशा बसला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि सरांच्या आवाजात सुरू झाला.

"हे पाहा, नळाला पाणी आलं नाही, याला तीन पैलू आहेत. पहिला, पोलीस अॅक्शन. पोलीस अॅक्शनच्या आधी पाणी निजामाचं होतं. नंतर ते जनतेचं झालं. जनतेचं झाल्यापासून ते कुणालाच दिसलेलं नाही. दुसरा पैलू अनुशेषाचा. पाणी आठवड्यातून एकदा येतं, म्हणजे दर आठवड्याला सहा दिवसांचा अनुशेष साठतो. तो भरून काढायचा तर नळ काही वर्षं सलग चालू ठेवावा लागेल, आणि तो बंद कुणी करायचा यासाठी समिती नेमावी लागेल. आणि तिसरा पैलू सगळ्यात महत्त्वाचा..."

सांडूशेठनं सवयीनं साड्यांची जाहिरात लावली. मी हसत होतो त्यामुळे सगळं चित्र हललेलं आहे, पण त्याबद्दल कुणाची तक्रार आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून शहराला दुसरा विषय उरला नाही. दर शनिवारी चांदपाशाचा कार्यक्रम सुरू झाला, नाव ठेवलं 'गुऱ्हाळ'. तुम्हाला वाटेल बाकीचे विश्लेषक चिडून भांडायला आले असतील. आले खरे, पण तक्रार वेगळीच होती. आमची नक्कल का नाही? एकानं तर आपलं जुनं जाकीट पिशवीत घालून आणून दिलं आणि बोलताना आपला डावा हात कसा फिरतो तेही करून दाखवलं. चांदपाशानं बिचाऱ्यानं एका शनिवारी त्याची नक्कल केली. कुणी हसलं नाही. त्या माणसात धरायला हाताशिवाय काही नव्हतं.

सुरुवातीला सर हसले. "पाशानं चष्मा बरोबर पकडला," असं मला कौतुकानं म्हणालेसुद्धा. पण हळूहळू त्यांना शहरात तोंड उघडणं अवघड झालं. भाजीवाली विचारायची, सर, मेथीला पैलू किती? वर्गात त्यांनी खडू हातात घेतला तरी मागच्या बाकावर खसखस पिकायची. सर चॅनलवर यायचे थांबले. त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला खुर्च्या चांदपाशाच्याच होत्या, आणि शूटिंग माझं. सरांनी भाषणाची तयारी केली होती. ते उठले, चष्मा सावरला, "आज मागं वळून पाहताना" एवढं म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या प्राचार्यांनी माइक स्वतःकडे ओढला. "थांबा थांबा! सर आता तिसरा पैलू सांगणार आहेत!"

सगळा हॉल हसला. शिपाईसुद्धा हसले. सर खाली बसले. नोकरीतलं शेवटचं भाषण त्यांनी केलंच नाही. शाल-नारळ घेऊन बाहेर पडताना दाराशी चांदपाशा उभा होता. तो "सर" म्हणाला. सर थांबले नाहीत. मला त्या प्राचार्याचा आजही संताप येतो. चांदपाशाला मात्र स्वतःचाच आला.

त्याच आठवड्यात तो गारखेड्याला सरांच्या घरी गेला. काकूंनी चहा टाकला. सर बाहेर आले, समोर बसले.

"सर, म्या बंद करतो ते. आजच सांगतो शेठला."

"बंद कशाला?" सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "टीका हा लोकशाहीचा प्राण आहे, पाशा. आणि विडंबनाचं म्हणशील, तर हे पाहा, त्याला तीन पैलू..."

चांदपाशाला हसू फुटलं. त्याच्या मनात तसं काही नव्हतं, पण तोंड आवरलं नाही. हे मला सांगताना तो स्वतःच्या गालावर चापट्या मारून घेत होता. सर उठून आत गेले ते परत आले नाहीत, आणि चहा तसाच निवला.

चांदपाशानं 'गुऱ्हाळ' बंद केलं. सांडूशेठनं हू की चू केलं नाही, जुन्या कॅसेट फिरवून फिरवून लावल्या. कार्यक्रम बंद झाल्याचं शहराच्या लक्षातही आलं नाही. पाण्याची परिस्थिती तीच असल्यानं भाग शिळे वाटत नव्हते.

तुळशीची लग्नं तोंडावर आली. सोफ्याचा नवा सांगाडा आला, डाळिंबी मखमल लागली, स्प्रिंगा पडल्या. चांदपाशानं सरांना निरोप धाडला. सर आले नाहीत. त्यानं सोफा प्लास्टिकमध्ये गुंडाळून भिंतीला लावला आणि गिऱ्हाइकांना जुना, दबलेला सोफा देऊ लागला. बाहेर स्कूटर वाजली की हा मान वर करायचा. त्याची बायको जाहेदा वैतागली. "सोफा है के पीर की गादी? किसी को बैठने नईं देते!" तो एवढंच म्हणायचा, "सर बैठेंगे पहले." सराई निम्मी सरली तरी सोफा प्लास्टिकमध्येच होता.

तेवढ्यात सरांच्या मुलीचं लग्न जमलं. मुलगा चांगला होता, घर फुलंब्रीकडचं बागायतदारांचं. वरपिते पुंजाराम पाटील. त्यांच्या गावात केबल उशिरा पोचली, सरांनी चॅनल सोडल्यानंतर. गावानं 'गुऱ्हाळ'च्या कॅसेट तेवढ्या पाहिल्या होत्या, आणि त्या मोठ्या भक्तिभावानं पाहिल्या होत्या. साखरपुड्याला पाटलांनी सरांना नीट निरखलं.

"टीव्हीवरले वाघचौरे सर तुम्हीच व्हय?"

"हो."

"टीव्हीवर अंगानं भरलेले दिसता."

सरांनी खुलासा केला की तो दुसरा माणूस आहे, तो आणि मी वेगळे, एक जण दुसऱ्याची नक्कल करतो. पाटलांनी समजुतीनं मान हलवली आणि सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "असू द्या. करीत ऱ्हावा तुम्ही बी. सरावानं जमतं." मग त्यांनी आपली अट सांगितली. हुंडा नको, मानपान नको. फक्त नवरदेव टीव्हीवरल्या सोफ्यावर बसंल आणि शुभाशीर्वाद टीव्हीवरले सर देतील. त्यांना मी सोता आवतन देतो. काकूंनी सरांकडे पाहिलं. मुलगी दाराआड उभी होती. सरांनी एकही पैलू न सांगता होकार दिला.

मांडवाचं काम सरांनी मुद्दाम जालन्याच्या माणसाला दिलं होतं. पण पाटील पेढे घेऊन चिकलठाण्यात हजर. ते गेल्यावर चांदपाशानं मला बोलावून घेतलं. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"बन्सीभाऊ, तिथं पाटलाच्या माणसांपुढं म्या तोंड उघडलं तर सर जन्माचे गेले. नाय उघडलं तर पाटील मांडवात तमाशा करील, आन भोगंल ती पोरगी. म्या काय करू?"

मी त्याला व्यवहारी सल्ला दिला. जुना सोफा ने, ताप आला म्हण आणि निघून ये. त्यानं मान डोलावली, आणि लग्नाच्या दिवशी टेम्पोतून नवा सोफा उतरवला.

आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त पत्रिकेत छापलेला असतो, तो वाचण्यासाठी. अक्षता पडायच्या आधी माइकवर पुढाऱ्यांची आगमनं होतात, आणि आलेला प्रत्येक जण दोन शब्द बोलतो. गारखेड्याच्या त्या लॉनवर माजी सभापती बोलले, भावी आमदार बोलले, एका भावी आमदाराचे भाऊ बोलले. नवरदेव उभ्यानं घामाघूम झाला होता. अखेर माइकवर पुकारा झाला, "आता शुभाशीर्वाद देतील टीव्हीवरचे सुप्रसिद्ध वाघचौरे सर!"

फेटा बांधलेल्या सरांनी सवयीनं एक पाऊल पुढं टाकलं. पाटलांनी त्यांचा दंड धरला. "तुम्ही थांबा, व्याही."

सर थांबले. हे मी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि पाटलांच्या फेट्यासकट डोक्यात काहीतरी घालावं असं मला फार वाटलं. तोवर चांदपाशा स्टेजवर चढला होता. वरपक्षाकडून आरोळ्या उठल्या, "तीन पैलू! तीन पैलू!"

त्यानं माइक घेतला. सरांकडे बघितलं. सर जमिनीकडे बघत होते.

"हे पाहा," चांदपाशा सरांच्या आवाजात म्हणाला, "या लग्नाला तीन पैलू आहेत." मांडव गडगडून हसला. "पहिला, पोलीस अॅक्शन. ती झाली तेव्हा पाटलांचे वडील तूर राखत होते, म्हणून आज आपण वरण खाणार आहोत. दुसरा अनुशेषाचा. मुहूर्त होता साडेअकराचा. तो किती वाजता लागंल हे माजी सभापतींना ठाऊक. आणि तिसरा पैलू सगळ्यात महत्त्वाचा..."

इथं तो थांबला. पुढचं तो स्वतःच्या आवाजात बोलला.

"तिसरा मला येत नाय, मंडळी. म्या नकल्या माणूस. सरांचे दोनच पैलू ऐकले, दोनच पाठ केले, आन त्याच्यावर सगळ्यांकडून वाहवा घेतली. तिसरा त्यांना कुणी कधी बोलूच दिला नाय. ज्याचा हाय त्यानंच सांगावा." तो खाली उतरला आणि माइक सरांपुढं धरला. "सर, आज जाहिरात नाय."

सरांनी माइक घेतला आणि स्टेजवर गेले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, बोट वर केलं, तोंड उघडलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चॅनलवर मी वेळ संपल्याची खूण करायचो, तिची ते वाट बघत होते. मी काय खूण करणार? तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सरांपाशी तिसरा पैलू नाहीच. इतकी वर्षं साड्यांच्या दुकानानं त्यांची लाज राखली होती. पुंजाराम पाटलांनी घसा खाकरला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. सरांचं बोट अजून वरच होतं, आणि मला ते बघवेना.

तेवढ्यात त्यांची नजर सोफ्यावर गेली. डाळिंबी मखमलीवर एक सुरकुती नव्हती. एका सोनेरी पायाला प्लास्टिकची चिंधी अजून चिकटलेली होती. सरांनी ती चिंधी पाहिली, खाली उभ्या चांदपाशाला पाहिलं, परत चिंधी पाहिली. बोट खाली आलं. ते सोफ्यापाशी गेले आणि नवरदेवाच्या जागेवर सगळ्या मांडवादेखत बसले. दोनदा वरखाली होऊन बघितलं. मग माइक तोंडाशी नेला.

"तिसरा पैलू सगळ्यात महत्त्वाचा," सर म्हणाले. "पाशा, स्प्रिंग कडक आहे."

मांडव असा हसला की भटजींच्या हातातल्या अक्षता सांडल्या. नवरी हसली, काकू हसल्या, सरही हसले. एकटा चांदपाशा हसत नव्हता. तो "जी सर, बदलतो" म्हणाला आणि खांद्यावरच्या रुमालात तोंड खुपसून रडायला लागला. मी कॅमेरा दुसरीकडे वळवला. पुंजाराम पाटील माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मुलीचे वडील नक्कल बरी करतेत. टीव्हीवरल्या सरांची गोष्ट निराळी, पण बरी करतेत."

दोन दिवसांनी मी चिकलठाण्याला गेलो तर चांदपाशानं सोफा उलटा पाडला होता आणि हातात पक्कड घेऊन खरोखरच स्प्रिंगा सैल करत होता. इतक्या वर्षांत सरांच्या सांगण्यावरून त्यानं काही बदललेलं मी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, आज हे काय?

"नवरा-नवरी बी हेच म्हणाले," तो मान वर न करता बोलला. "सरांचं बराबर निघालं, बन्सीभाऊ. लईच कडक हाय. सराईभर कुणी बसलंच नाय ना त्याच्यावर."